गाणं उतरवलं म्हणजे चोरलं का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मागच्या अंकातल्या एका उत्तरात आम्ही लिहिलं होतं, की परवानगीवाचून गाण्याची नक्कल करणं गुन्हा ठरू शकतं, पण कायद्याच्या भाषेत ती ‘चोरी’ नव्हे. त्या एका वाक्यावर पुष्कळ पत्रं आली. काही रागाची होती, काही खरोखर अडलेल्यांची. त्यातली निवडक इथे देत आहोत. पत्रं थोडी छाटली आहेत, आशय तोच ठेवला आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. ‘चोरी नव्हे’ हे तुमचं वाक्य माझ्या मुलाने कापून फ्रिजवर लावलं आहे. तो म्हणतो, दुकानातून कॅसेट उचलली तर दुकानदाराची एक कॅसेट कमी होते; फाइल उतरवली तर कोणाचंच काही कमी होत नाही. मी म्हणतो, न विचारता घेतलं ती चोरी, मग ते काहीही असो. दोघांत बरोबर कोण?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शब्दापुरता मुलगा बरोबर आहे. तरीही ते कात्रण फ्रिजवरून उतरवा.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरी ठरायला पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात. वस्तू जंगम मालमत्ता हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नसावी, घेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक असावा, आणि ताब्यातून काढून नेण्यासाठी ती वस्तू हलवलेली असावी. जुन्या दंड संहितेत जंगम मालमत्ता ‘मूर्त’ असण्याची अट होती. नव्या संहितेच्या व्याख्येतून हा शब्द गेला आहे. त्यामुळे आता फाइलही चोरीला जाऊ शकते, असा युक्तिवाद कोणी करू शकेल. पण पाचवी अट तशीच आहे. नक्कल काढताना मूळ प्रत जागची हलत नाही, मालकाचा ताबा सुटत नाही. ती अट पुरी होत नाही, तोवर चोरी नाही.

बाहेरही न्यायालयं याच ठिकाणी येऊन थांबली. अमेरिकेत एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांच्या अनधिकृत तबकड्या काढून टपालाने विकणाऱ्या डाउलिंग नावाच्या माणसावर ‘चोरीचा माल राज्याबाहेर नेला’ असा आरोप होता. १९८५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्वामित्वहक्क मोडणं आणि माल चोरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याआधी इंग्लंडमध्ये, १९७९ च्या एका निकालात, परीक्षेआधी प्रश्नपत्रिका मिळवून वाचणारा विद्यार्थी चोर ठरला नव्हता. त्याने माहिती घेतली होती, आणि माहिती ही चोरण्याजोगी मालमत्ता नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

आता कात्रण का काढायचं ते. ‘चोरी नाही म्हणजे सौम्य प्रकरण’ अशी मुलाची समजूत असेल, तर ती सपशेल चुकीची आहे. साध्या चोरीला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. किमान शिक्षा नाही. माल पाच हजार रुपयांच्या आतला असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेवर भागतं. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ६३ मात्र जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला किमान सहा महिने कैद आणि किमान पन्नास हजार रुपये दंड सांगतं. कमाल तीन वर्षं आणि दोन लाख. धंद्यातल्या नफ्यासाठी केलं नसेल, तर न्यायालय खास कारणं नोंदवून किमान मर्यादेखाली येऊ शकतं, पण सुरुवात तिथून होते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे ‘चोरी नव्हे’ असा बचाव करणारा माणूस अधिक कडक कलमाच्या दारात उभा राहतो.

तुमच्या बाजूने एक सांगायला हवं. ‘न विचारता घेतलं’ हे तुमचे शब्द या गुन्ह्याच्या गाभ्याला नेमके लागू पडतात. कायद्याच्या कलम १४ ने मालकाला जे दिलं आहे, ते प्रत कोणी काढायची, कोणी वाजवायची, लोकांपर्यंत कोणी पोहोचवायची हे ठरवण्याचा हक्क. नक्कल करणारा तो हक्क मोडतो. म्हणून आम्ही ‘हक्कभंग’ हा शब्द धरून बसलो आहोत. मराठीत चोरी हा शब्द गाण्याच्या बाबतीत आधीच दुसऱ्या कामाला लावलेला आहे: ‘अमक्याने तमक्याची चाल चोरली.’ तिथे खरोखर काहीतरी हिरावलं जातं, कर्त्याचं नाव. लेखनात त्यालाच वाङ्मयचौर्य म्हणतात. गाणं उतरवणारा मुलगा ‘ही चाल माझी’ असं म्हणत नाही. दोन्ही अपराधांना एकच शब्द लावला, की दोन्ही धूसर होतात. विद्याधन ‘न चोरहार्यं’ असं आपण शाळेत पाठ केलं, ते सुभाषित मुलगा तुमच्या तोंडावर फेकील. त्याला सांगा, की विद्या दिल्याने वाढते हे खरं. पण त्या श्लोकात देणारा स्वतःहून देतो.

प्रश्न : मी वीज मंडळातून निवृत्त झालो. आकडा टाकून वीज घेतली, तर वीज काही ‘मूर्त’ नसते, तरी आम्ही वीजचोरीच म्हणत होतो आणि गुन्हेही दाखल होत होते. मग गाण्यालाच वेगळा न्याय का?
— एक निवृत्त कर्मचारी, जळगाव

उत्तर : तुमचं उदाहरण आमच्याच बाजूचं आहे. १९१० च्या वीज कायद्यात कलम ३९ होतं. अप्रामाणिकपणे वीज वापरणाऱ्याने चोरी केली असं ‘मानलं जाईल’, असं ते सांगत होतं. चोरी आहे असं न म्हणता चोरी मानली जाईल असं म्हणावं लागलं, कारण दंड संहितेच्या व्याख्येत वीज बसत नव्हती. अवतार सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच पाहिलं. हा गुन्हा वीज कायद्यातून जन्मतो, म्हणून फिर्यादही त्या कायद्याने नेमलेल्यांकडूनच यायला हवी, आणि ती तशी आलेली नाही, एवढ्यावर आरोपी सुटला. आजच्या २००३ च्या वीज कायद्यातलं कलम १३५ तर ‘विजेची चोरी’ याच नावाने आहे.

म्हणजे संसदेला एखाद्या गोष्टीला चोरी म्हणायचं असतं, तेव्हा ती तसं लिहिते. कॉपीराइट कायदा करताना आणि त्यात अनेकदा दुरुस्त्या करताना तिने तसं लिहिलेलं नाही. शिवाय आकड्याने घेतलेलं युनिट जळून जातं, ते मंडळाला पुन्हा विकता येत नाही. गाण्याचं तसं होत नाही.

प्रश्न : गायक गेले, संगीतकार गेले. कंपनीने हजार वेळा पैसे वसूल केले. आता मी जुनं गाणं फुकट उतरवलं, तर नुकसान कोणाचं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कंपनीकडे बोट दाखवलं, की मागे उभी असलेली माणसं दिसेनाशी होतात.

एका गाण्यात निदान तीन वेगळे हक्क असतात. शब्द हे साहित्यकृती म्हणून, चाल संगीतकृती म्हणून, आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी कृती. तिघांचे मालक वेगळे असू शकतात, मुदतीही वेगळ्या. शब्द आणि चाल कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. गीतरामायण घ्या. गदिमा १९७७ साली गेले, म्हणून शब्दांचा हक्क ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणून चालींचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. ‘गेले’ म्हणजे हक्क संपला असं नाही. तो वारसांकडे किंवा ज्यांना लिहून दिला त्यांच्याकडे असतो.

चित्रपटगीतांत पूर्वी खरोखर अन्याय होता. १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गीतकार-संगीतकारांनी निर्मात्यासाठी मोबदला घेऊन काम केलं असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक निर्माता. गायकाला तर कायद्यात जागाच नव्हती, आणि न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात त्याबद्दल खंत नोंदवली. २०१२ ची दुरुस्ती २१ जून २०१२ पासून लागू झाली आणि चित्र पालटलं. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आणि बाहेर लढा दिला. आता चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून गाण्याचा इतरत्र जो वापर होईल, त्याच्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाटा आहे, आणि तो हक्क त्यांना कंपनीला लिहून देता येत नाही. लिहून दिला तरी ते लिहून देणं रद्द. व्यापारी वापरात गायक-वादकांनाही रॉयल्टीचा हक्क आहे.

ही रॉयल्टी गाण्याचा अधिकृत वापर नोंदला गेला तरच निघते. फुकट फाइल ऐकलीत, तर गीतकाराच्या खात्यात ती ऐकणी कधी उमटतच नाही. नुकसान ते इथे.

दुसऱ्या बाजूचाही एक हिशेब मांडायला हवा. ‘इतक्या कोटी फाइली उतरल्या, म्हणजे इतक्या कोटी विक्री बुडाली’ ही बेरीज आम्हाला मान्य नाही. फुकट मिळालं म्हणून घेणारा प्रत्येक जण विकत घेणारा नसतो. दुकानातल्या चोरीत एक नग गेला की एक नग बुडाला, हे सरळ गणित असतं. हक्कभंगात ते नसतं. चोरी हा शब्द वापरला की हे खोटं गणितही मागच्या दाराने आत येतं. १९८१ साली ब्रिटनमधल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने घरी कॅसेट भरणाऱ्यांमुळे संगीत मरतंय अशी मोहीम काढली होती. पुढच्या काही वर्षांत सीडी आली आणि त्या धंद्याची भरभराट झाली.

प्रश्न : घरी दोनशेच्या आसपास कॅसेट आहेत, बहुतेक विकत घेतलेल्या. त्या संगणकावर घेतल्या तर तोही हक्कभंग का? आणि घ्यायच्या कशा? दुकानदाराने करून दिलेल्या दोन कॅसेट घुमल्यासारख्या ऐकू येतात.
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : निर्धास्त घ्या. कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या ‘उचित वापरा’ला सूट आहे, आणि अशा वापरासाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हा हक्कभंग नाही, असं तिथल्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे. २०१२ पर्यंत ही सूट ध्वनिमुद्रणाला लागू नव्हती. आता संगणक प्रोग्रॅम सोडून सगळ्या कृतींना आहे. फाइली विकू नका, लोकांसाठी चढवू नका. कॅसेट पुढे कोणाला देऊन टाकलीत, तर फाइलही पुसावी, असं आमचं मत.

घुमण्याचं कारण बहुधा ॲझिमथ. टेपच्या हेडमधली फट टेपला बरोबर काटकोनात नसेल, तर आधी वरच्या पट्टीतले स्वर मरतात. तंबोऱ्याची जवारी आणि झांजेची किणकिण गेली, की हेच समजा.

साधनं थोडी लागतात. चालू स्थितीतला टेप डेक. खिशातला यूएसबी प्लेअर नको, त्याची गती हलते आणि लांब सूर थरथरतो. डेकच्या लाइन आउटमधून आरसीए वायर आणि साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस. हेडफोनच्या भोकातून किंवा संगणकाच्या माइकच्या भोकात जोडू नका, आवाज फाटतो.

आधी डेक पुसा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीवर घेऊन हेड आणि कॅपस्टनची, म्हणजे टेप पुढे ओढणारी, दांडी, कानकाडीवर तपकिरी रंग उतरायचा थांबेपर्यंत. दवाखान्यातलं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. रबरी चाकाला अल्कोहोल अगदी कमी. कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा; वर्षानुवर्षं पडून चिकटलेले थर सुटतात आणि ताण सारखा होतो. टेपच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा, नाहीतर बुरशी डेकमधून बाकीच्यांना लागेल. कोकणातल्या दमट हवेत हे हमखास होतं. कॅसेटच्या तोंडाशी पत्र्याच्या पट्टीवर फेल्टची बारीक गादी असते. तिचा गोंद वाळून ती गळते, आणि मग आवाज दबका, येतो-जातो असा होतो. त्यावर उपाय म्हणजे पाच स्क्रूची दुसरी कॅसेट उघडून टेपच्या दोन्ही चकत्या तिच्यात बसवणं.

मग ॲझिमथ. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐका. हेडच्या बाजूला, स्प्रिंग लावलेला छोटा स्क्रू असतो. तो पाव फेऱ्याच्या आतच, अगदी सावकाश फिरवा. वरचे स्वर सर्वांत लख्ख जिथे येतील, तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे पुन्हा करावं लागतं, आणि दुकानदार हाच वेळ वाचवतो. डॉल्बी बी ही टेपची खरखर कमी करणारी पद्धत; वेष्टनावर ते नाव छापलं असेल तरच ते बटण दाबा.

मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतकीच पातळी ठेवा. एकदा माथा कापला गेला, की तो परत येत नाही. ६० मिनिटांच्या कॅसेटची कच्ची फाइल सुमारे एक जीबी होते, फ्लॅकमध्ये (आवाजाचं काहीही न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) साधारण निम्मी. खरखर काढण्याचा मोह मूळ फाइलवर अजिबात करू नका. मूळ तशीच ठेवा, सफाई दुसऱ्या प्रतीवर करा. वेष्टनाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. त्यावर मालकाचं नाव, पत्ता आणि पहिल्या प्रसिद्धीचं वर्ष सापडेल, कारण ते छापणं कलम ५२ए ने सक्तीचं आहे. पुढे कधी मुदतीचा हिशेब करायचा झाला, तर तोच कागद लागेल.

प्रश्न : बैठकीत किंवा महोत्सवात मी मोबाइलवर गाणं मुद्रित करतो. तिकीट काढलेलं असतं. हे चालतं ना?
— एक श्रोता, पुणे

उत्तर : स्वतः ऐकण्यासाठी केलेलं मुद्रण कलम ३९ मध्ये स्पष्ट वगळलं आहे. शिकण्या-शिकवण्यासाठी, संशोधनासाठी केलेलंही. पण आयोजकांनी मुद्रणाला मनाई केली असेल, तर तिकिटाच्या अटीने तुम्ही बांधलेले आहात, आणि पुढच्या रांगेत मोबाइल उंच धरणं गाणाऱ्याला किती त्रास देतं, हे वेगळं सांगायला नको.

चढवणं मात्र बंद. कलाकाराला आपल्या सादरीकरणावर वेगळा हक्क आहे, तो १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि सादरीकरणानंतर ५० वर्षं टिकतो. ख्याल पारंपरिक असेल, बंदिश दोनशे वर्षांची असेल, तरी त्या संध्याकाळचं गाणं त्या गायिकेचं आहे. तबलजी आणि संवादिनीवादक यांचंही. चढवायचं असेल तर सगळ्यांची लेखी संमती घ्या. दोन ओळींचा निरोपही चालेल, फक्त त्यात कार्यक्रमाची तारीख, कोणता भाग आणि कुठे चढवणार हे असू द्या. ‘कोणी ओरडलं नाही’ म्हणजे संमती नव्हे.

प्रश्न : आजोबांच्या संग्रहात बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत. एक यूट्यूबवर चढवली तर लगेच एका कंपनीचा दावा आला. मी चोर ठरलो का?
— एक संग्राहक, कोल्हापूर

उत्तर : भारतीय कायद्याप्रमाणे तुम्ही बहुधा हक्कभंगही केलेला नाही. पण तीन थर वेगवेगळे तपासा. समजा, तबकडी संगीत स्वयंवरमधल्या पदाची आहे. शब्द खाडिलकरांचे, ते १९४८ साली गेले, हक्क २००८ अखेर संपला. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ते १९२२ साली गेले. राहिलं मुद्रण. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या मुद्रणाची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपते, त्याआधीच्यांची त्याआधी. मोजायचं ते प्रसिद्धीचं वर्ष, मुद्रणाचं नव्हे. जुन्या तबकडीवर वर्ष सहसा नसतं. मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक आणि लेबलवरचा कॅटलॉग क्रमांक टिपून घ्या आणि कंपनीच्या जुन्या याद्यांशी जुळवा.

एक काळजी : आवाज स्वतःच्या तबकडीवरूनच घ्या. कंपनीने अलीकडे साफ करून काढलेल्या सीडीवरून घेतलात, तर त्या नव्या कामावर नवा हक्क आहे का, हा वाद तुम्ही ओढवून घ्याल.

दावा बहुधा माणसाने केलेला नाही. कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवते. मुदत संपली की नाही, हे तिला कळत नाही. दाव्यामुळे चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाची नोंद, बसत नाही, फक्त जाहिरातीचे पैसे तिकडे जातात किंवा चित्रफीत अडवली जाते. यूट्यूब स्टुडिओत त्या चित्रफितीच्या कॉपीराइट रकान्यातून हरकत नोंदवा, कारण म्हणून सार्वजनिक क्षेत्र निवडा, आणि वरची तिन्ही वर्षं, क्रमांक आणि लेबलचा फोटो कुठे आहे ते थोडक्यात लिहा. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात. उत्तर आलं नाही तर दावा सुटतो. त्याने नाकारलं तर अपील करता येतं, पण अपिलानंतर त्याने काढून टाकण्याची रीतसर मागणी केली तर स्ट्राइक येऊ शकतो, आणि ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल जातं. म्हणून कागद पक्का असल्याशिवाय दुसऱ्या पायरीवर जाऊ नका. अमेरिकेचं गणित वेगळं आहे. तिथल्या २०१८ च्या कायद्याने १९४७ ते १९५६ मधल्या मुद्रणांना ११० वर्षं दिली आहेत. तिथे चित्रफीत अडली तर त्यावरून इथला हक्क ठरत नाही.

प्रश्न : मुलीच्या लग्नाच्या हॉलवाल्याने गाण्यांचा परवाना मागितला. आणि सोसायटीच्या हॉलमध्येही लागतो का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : कलम ५२ च्या झेडए खंडात धार्मिक समारंभातल्या वाजवण्याला सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सोहळे त्यात धरले आहेत. जुलै २०२३ मध्ये केंद्राने तसं जाहीर पत्रकही काढलं. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये त्यावर स्वतःचं परिपत्रक काढलं. ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. परिपत्रक गेलं, कलम जागेवर आहे. हॉलवाल्याला परिपत्रक दाखवू नका, कलम दाखवा, आणि बुकिंगच्या कागदावर ‘विवाह समारंभ’ असं नेमकं लिहून घ्या. सूट समारंभाला आहे, हॉलला नाही. त्याच हॉलमध्ये ३१ डिसेंबरची तिकीट लावलेली पार्टी केली तर परवाना हवा.

रहिवाशांसाठीच्या सोसायटीच्या बंदिस्त हॉलमध्ये मुद्रित गाणी लावायला सूट आहे. हॉटेलला ती नाही.

प्रश्न : माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून मागतं. पन्नास रुपये घेतो, ते माझ्या मेहनतीचे. सगळेच करतात.
— एक दुकानदार, बीड

उत्तर : बंद करा, आजच. खासगी वापराची सूट गिऱ्हाइकाला असू शकेल, तुम्हाला नाही; तुम्ही पैसे घेऊन धंद्यात प्रती काढता, आणि नेमक्या त्याच माणसासाठी कलम ६३ ची किमान शिक्षा आहे. कलम ६४ खाली फौजदार दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय अनधिकृत प्रती आणि त्या काढायची साधनं जप्त करू शकतो. म्हणजे तुमचा संगणक जाईल, आणि त्याबरोबर दुरुस्तीचा सगळा धंदा. दुसऱ्यांदा दोष सिद्ध झाला तर किमान एक वर्ष आणि एक लाख. महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्याचा जो १९८१ चा कायदा आहे, त्याच्या नावात ‘व्हिडिओ पायरेट्स’ हे शब्दही नंतर घातले गेले आहेत. पन्नास रुपये घ्यायचेच असतील तर गिऱ्हाइकाला अधिकृत ॲप बसवून द्या, ऑफलाइन ऐकण्यासाठी गाणी कशी साठवायची ते दाखवा, मेमरी कार्डाची जागा मोकळी करून द्या. त्या मेहनतीवर कोणाचा आक्षेप नाही.

प्रश्न : टोरंटवरून फक्त स्वतःसाठी उतरवलं तर खासगी वापर ना?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : टोरंटची रचना पाहा. फाइलचे तुकडे तुमच्याकडे येत असतात, त्याच वेळी आलेले तुकडे तुमच्या संगणकावरून इतरांना जात असतात. म्हणजे तुम्ही घेणारेही आणि वाटणारेही, आणि वाटण्याला खासगी वापर म्हणता येत नाही. सेटिंगमध्ये पाठवण्याची गती शून्यावर आणली, तरी मुळात जिथून आलं ती प्रत अनधिकृतच, आणि सूट ‘उचित’ वापराला आहे. तो शब्द सोडून फक्त ‘खासगी’ एवढाच वाचू नका.

प्रश्न : पैसे भरून ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी वर्गणी संपल्यावर गायब झाली. ही चोरी नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, पण तुमचा राग समजतो. बटणावर ‘डाउनलोड’ लिहिलं असलं, तरी तुम्ही प्रत विकत घेतलेली नसते. वर्गणी चालू असेपर्यंत ऐकण्याची परवानगी घेतलेली असते, आणि फाइल कुलूपबंद असते. वर्गणी संपली की किल्ली जाते. ते कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडलं, तर कलम ६५ए खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. कायम हवी असतील ती गाणी सीडीवर घ्या, किंवा जिथे फाइल कुलपाशिवाय विकत मिळते अशा ठिकाणी घ्या. कंपन्यांनी ‘डाउनलोड’ऐवजी ‘ऑफलाइन ऐका’ असं लिहावं, अशी मागणी करायला हरकत नाही. आम्ही ती इथे करतो आहोत.